भाकरीच्या जागी कोण?

मराठी घरात ज्या दिवशी मटण शिजते त्या दिवशी सहसा भाजी शिजत नाही. तांबडा रस्सा, सुके, भाकरी, भात, फार तर कांद्याच्या चकत्या आणि लिंबाची फोड, एवढ्यावर पान पूर्ण झाले असे आपण मानतो. मांसाहाराला आपल्या ताटात भाजीचीच जागा दिलेली आहे: सामिष असेल तर भाजी नको, भाजी असेल तर सामिष नाही. पोट भरायचे काम भाकरीचे आणि तोंडी लावायचे काम मटणाचे, ही वाटणी होती तोवर त्यात फारसे बिघडत नव्हते. पण साखर वाढली किंवा वजनकाटा हटेना म्हणून कुणी लो-कार्ब आहार सुरू करतो, भाकरी आणि भात पंगतीतून उठवतो, आणि मग पानात उरते ते मटण नि चार चकत्या कांदा. भूक तर तेवढीच असते, म्हणून दोन डावांच्या जागी चार डाव मटण येते. या आहारातली सर्वांत सामान्य चूक हीच आहे. भाकरी उठली तर तिच्या जागेवर भाजी बसायला हवी. मटण, चिकन, मासळी यांनी उसळीच्या आणि आमटीच्या जागेवर बसावे, म्हणजे प्रथिनांच्या जागेवर. हे का, आणि स्वयंपाकघरात ते कसे जमवायचे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

कर्बोदके कमी करण्याची गरज आपल्याला आहे का, हा प्रश्न आधी निकालात काढू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या इंडियाब सर्वेक्षणाने 2023 साली देशातल्या मधुमेहींची संख्या 10 कोटींच्या वर असल्याचे सांगितले. त्याच सर्वेक्षणातून आपल्या आहाराचे जे चित्र पुढे आले त्यात एकूण कॅलरींपैकी सुमारे 62 टक्के कर्बोदकांतून येतात असे दिसले. 2000 कॅलरी खाणाऱ्या माणसाचा हिशेब केला तर हे दिवसाला 310 ग्रॅम होते. लो-कार्ब हा शब्द वैद्यकीय लेखनात सर्वसाधारणपणे दिवसाला 130 ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदकांसाठी वापरतात, आणि कीटो म्हणजे 50 ग्रॅमच्याही खाली. म्हणजे आपल्याकडच्या माणसाने कीटोचे टोक न गाठता नुसते 130 ग्रॅमवर यायचे म्हटले तरी निम्म्याहून अधिक कर्बोदके सोडावी लागतात. ज्वारीची एक मध्यम भाकरी, 60 ग्रॅम पिठाची, सुमारे 40 ग्रॅम कर्बोदके देते. एक वाटीभर भातही साधारण तेवढीच. त्यामुळे रिकामी होणारी जागा लहान नाही, आणि ती कशाने भरली यावरच पुढचे सगळे ठरते.

भाकरी काढताना आपण फक्त पिष्ट काढतो, असा एक समज आहे. तो खरा नाही. ज्वारी, बाजरी किंवा कोंड्यासकट दळलेल्या गव्हाच्या पिठात दर 100 ग्रॅममागे 10 ते 11 ग्रॅम चोथा असतो. दिवसाला तीन-चार भाकऱ्या खाणाऱ्याचा जवळजवळ 20 ग्रॅम चोथा एकट्या भाकरीतून यायचा. मोठ्या माणसाने दिवसाला निदान 25 ग्रॅम नैसर्गिक चोथा खावा अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. मटणात चोथा शून्य, चिकनमध्ये शून्य, अंड्यात शून्य, पापलेटमध्ये शून्य. तेव्हा ज्याने भाकरीच्या जागी मटण वाढवले त्याने आपला चोथ्याचा मुख्य साठा बंद केला आणि नवा उघडलाच नाही. हा आहार सुरू केल्यावर आठवड्याभरात बद्धकोष्ठाची तक्रार घेऊन येणाऱ्यांचे कोडे बहुतेक वेळा इथेच सुटते. त्यासाठी इसबगोलाचा डबा आणण्यापेक्षा भाजीची पिशवी आणणे बरे. आतड्यातले उपकारक जिवाणू याच चोथ्यावर जगतात, ही गोष्ट वेगळीच.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: भाजीतही कर्बोदके असतातच की. असतात, पण किती ते पाहा. मेथी, पालक, चाकवत, कोबी, फ्लॉवर, दुधी, दोडका, पडवळ, कारले, भेंडी, वांगी यांत चोथा वगळून उरणारी कर्बोदके 100 ग्रॅमला साधारण दोन ते चार ग्रॅम भरतात. दिवसभरात या भाज्या 400 ग्रॅम खाल्ल्या, म्हणजे शिजवून तीन-चार भरगच्च वाट्या, तरी हिशेब 16 ग्रॅमच्या आत राहतो. 30 ग्रॅम कणकेच्या एका पोळीत याहून जास्त, सुमारे 19 ग्रॅम असतात. बटाटा, रताळे, सुरण आणि मटार मात्र या यादीत बसत नाहीत. ते भाजीवाल्याकडे मिळत असले तरी हिशेबात त्यांना भाताच्या ओळीत बसवा. गाजर आणि बीट मधले: कोशिंबिरीत चालतील, हलव्यात नाहीत. कांद्याबद्दल कुणी बोलत नाही, पण 100 ग्रॅम कांद्यात नऊ-दहा ग्रॅम कर्बोदके असतात. चार माणसांच्या रश्श्याला चार मोठे कांदे परतले तर प्रत्येकाच्या वाट्याला भाजीच्या दोन-तीन वाट्यांइतकी कर्बोदके त्या वाटणातूनच जातात. तरीही ‘भाजीत कार्ब असतात’ म्हणणारा माणूस रश्श्याची तिसरी वाटी मागताना कचरत नाही.

आता पुरावा. 2018 साली ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये अमेरिकेतल्या पंधरा हजारांहून अधिक प्रौढांचा सुमारे पंचवीस वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला. कर्बोदके कमी करून त्यांच्या जागी प्राणिज प्रथिने आणि चरबी आणणाऱ्यांत मृत्युदर जास्त दिसला. त्याच जागी वनस्पतिजन्य प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ आणणाऱ्यांत तो कमी दिसला. 2010 साली अमेरिकेतल्याच परिचारिका आणि आरोग्य व्यावसायिकांच्या दीर्घ अभ्यासांतून असेच निघाले होते. कर्बोदकांची काटछाट दोन्हीकडे सारखीच होती. फरक पडला तो त्यांच्या जागी काय आले यामुळे. इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट मान्य करायला हवी. हे निरीक्षणात्मक अभ्यास आहेत. जो माणूस अमेरिकेत भरपूर बीफ आणि बेकन खातो तो कदाचित जास्त धूम्रपान करत असेल, कमी चालत असेल. संशोधक हे हिशेबात घेतात, पण पूर्ण वजा होत नाही. शिवाय तिथले मांस आणि आपले कोल्हापुरी मटण ही एकच वस्तू नव्हे. म्हणून या आकड्यांवरून ‘मटण खाल तर मराल’ असे कुणी सांगू लागले तर ते मनावर घेऊ नये. तरी दिशा दिसते, आणि तिला दुसरीकडूनही दुजोरा मिळतो. 2015 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने प्रक्रिया केलेले मांस, म्हणजे सॉसेज, सलामी, बेकन, हॅम, मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे निश्चित कारण म्हणून नोंदवले: रोज 50 ग्रॅम खाल्ल्यास धोका सुमारे 18 टक्क्यांनी वाढतो. ताजे लाल मांस ‘संभाव्य’ वर्गात आहे. लाल मांस आठवड्याला शिजवून 350 ते 500 ग्रॅमच्या आत ठेवावे, हा वर्ल्ड कॅन्सर रिसर्च फंडाचा सल्लाही त्याच दिशेचा आहे. आपल्या रविवारच्या मटणाला तो आड येत नाही; रोजच्या मटणाला येतो.

दुसऱ्या बाजूचा सर्वांत भक्कम दाखला उत्तर ध्रुवाकडचा आहे, तोही ऐकून घेऊ. विल्यलमुर स्टेफनसन हा संशोधक प्रवासी इनुइट लोकांत वर्षानुवर्षे राहिला आणि जवळजवळ फक्त मांस-मासळीवर जगला. परतल्यावर त्याच्यावर विश्वास बसेना, म्हणून 1928 साली न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात डॉक्टरांच्या देखरेखीखाली तो आणि त्याचा एक सहकारी मांसाहाराच्या प्रयोगाला बसले. वर्षाअखेरीस दोघेही ठणठणीत होते. निव्वळ मांसाहाराचे आजचे पुरस्कर्ते ही गोष्ट आवर्जून सांगतात. तिच्यातला दुसरा भाग ते कमी सांगतात: सुरुवातीला स्टेफनसनला चरबी काढलेले मांस दिले तेव्हा दोन-तीन दिवसांतच तो आजारी पडला आणि चरबी वाढवल्यावरच बरा झाला. माणसाचे शरीर निव्वळ प्रथिनांवर चालत नाही. ऊर्जेसाठी त्याला पिष्ट हवे किंवा चरबी हवी. मांसाने भाकरीची जागा भरायची तर ते चरबीचेच हवे, आणि रोज एवढी प्राणिज चरबी खाल्ल्यावर काही जणांचे एलडीएल कोलेस्टेरॉल चांगलेच वर जाते. दाखला दोन माणसांचा, एका वर्षाचा; हृदयविकाराने ग्रासलेल्या समाजाचा नव्हे. यावरून ठाण्यातल्या पन्नाशीच्या मधुमेही माणसाने तीस वर्षांचा आहार ठरवणे धाडसाचे आहे. आणि इतिहासच बघायचा तर लो-कार्बचा पहिला गाजलेला प्रचारक, लंडनचा विल्यम बँटिंग, 1863 सालच्या पत्रकात मांसाबरोबर भाजी खातच होता. भाज्यांपैकी त्याने फक्त बटाटा वर्ज्य केला होता.

याचा अर्थ मांस वाईट असा घेऊ नये. उलट शाकाहारी घरात लो-कार्ब करणे जे कठीण जाते ते मांसाहारी घरात सोपे असते, कारण डाळीतून प्रथिने घ्यायची तर त्यांच्याबरोबर कर्बोदकेही येतात. चिकनबरोबर येत नाहीत. ब-12 जीवनसत्त्व निसर्गतः प्राणिज अन्नातच मिळते. मांसातले लोह शरीर सहज शोषते, इतकेच नव्हे तर ताटात मांस असेल तर पालेभाजीतले लोहही जास्त शोषले जाते. लिंबू पिळले तर आणखी. भाजीतल्या अ आणि के जीवनसत्त्वांना शोषले जाण्यासाठी स्निग्धांश लागतो, तो मांसाच्या रश्श्यात आयता असतो. म्हणजे ही दोन्ही एकमेकांची कामे सुकर करतात, आणि आपण मात्र त्यांना वेगवेगळ्या दिवशी जेवायला बोलावतो. प्रश्न फक्त मापाचा आहे. भारतीय शिफारशीप्रमाणे दर किलो वजनामागे 0.83 ग्रॅम प्रथिने पुरतात, म्हणजे 65 किलोच्या माणसाला 54 ग्रॅम. वजन उतरवताना स्नायू झडू नयेत म्हणून थोडी जास्त, समजा 70 ग्रॅम धरा. 150 ग्रॅम चिकन किंवा बांगड्यातून सुमारे 30 ग्रॅम, दोन अंड्यांतून 12, दोन वाट्या दह्या-ताकातून सहा-सात, वाटीभर मटकीच्या उसळीतून सात-आठ. 54 चा हिशेब पुरा झाला, 70 ला थोडीच कमी पडली, आणि मांस 150 ग्रॅमच्या पुढे गेले नाही. मटण हाडांसकट मोजत असाल तर माणशी 200 ग्रॅम घ्या. या 150 ग्रॅमच्या शेजारी दिवसभरात 400 ग्रॅम भाजी, असे साधारण एकास अडीच हे माप डोक्यात ठेवले तरी पुरे.

‘इतकी भाजी खाववत नाही’ हा पुढचा आक्षेप, आणि तो खोटा नाही. पोळीबरोबर तोंडी लावण्यापुरती, तिखट-मीठ चढवून केलेली भाजी वाटीभर नुसती खाल्ली तर घशाखाली उतरत नाही. तेव्हा भाजी करण्याची पद्धत बदलायला हवी: मसाला निम्मा, मीठ कमी, फोडी मोठ्या, आणि तेलात काटकसर जरा कमी, कारण आता ऊर्जाही थोडी तिच्यातूनच यायची आहे. पण याहून चांगला मार्ग कोकण किनारपट्टीने आधीच शोधून ठेवला आहे. कोळंबीच्या कालवणात शेवग्याच्या शेंगा, सुकट घालून वांगी, जवळा घालून घोसाळी, लाल माठात कोळंबी, सुक्या बोंबलाबरोबर वांगे. या सगळ्यांत मासळी थोडी आणि भाजी पुष्कळ असते, आणि चवीची सूत्रे मासळीकडे असल्यामुळे भाजी खातोय असे वाटत नाही. मुळात हा गरिबीचा स्वयंपाक होता; मूठभर जवळ्यात घर जेवायचे. लो-कार्बला हवे असलेले प्रमाण नेमके तेच आहे. घाटावर हीच युक्ती खिम्यात मेथी, चिकनमध्ये पालक, मटणाच्या पातळ रश्श्यात दुधी किंवा फ्लॉवरच्या मोठ्या फोडी घालून साधते. सुक्या मासळीत मीठ जबर असते, म्हणून रक्तदाब असणाऱ्यांनी ती दोन-तीनदा धुऊन घ्यावी आणि वरून मीठ घालू नये.

कोशिंबीर जेवणाच्या आधी खावी, बरोबर नव्हे. न्यूयॉर्कच्या वेल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात 2015 साली झालेल्या एका प्रयोगात मधुमेहींना एकदा पाव आधी आणि एकदा भाजी व चिकन आधी, पाव शेवटी असे दिले. पदार्थ तेच, प्रमाण तेच. दुसऱ्या क्रमाने खाल्ल्यावर तासाभराने साखर सुमारे 37 टक्क्यांनी कमी होती. माणसे अवघी 11 होती, त्यामुळे फार उड्या मारायला नकोत. पण काकडी-कोबीची वाटी आधी संपवायला खर्चही काही नाही. फक्त आपल्या कोशिंबिरीत सवयीने पडणारी चमचाभर साखर थांबवा. तीच गोष्ट भरल्या वांग्यातल्या गुळाची, पीठ पेरून केलेल्या भाजीतल्या बेसनाची, आणि रवा किंवा तांदळाच्या पिठात घोळवून तळलेल्या सुरमईची. मासळीचा तुकडा निर्दोष असतो, कर्बोदके त्याच्या अंगरख्यात असतात. हॉटेलातली ग्रेव्ही कॉर्नफ्लोअरने घट्ट केलेली असू शकते. त्यापेक्षा पांढरा रस्सा बरा.

मराठी घराचा एक खरा अडसर मात्र कोणत्याही परदेशी आहारतक्त्यात सापडणार नाही: वार. सोमवार, गुरुवार किंवा शनिवार, शिवाय संकष्टी, एकादशी आणि अख्खा श्रावण. मांसावरच उभारलेला लो-कार्ब आहार अशा घरात दर आठवड्याला कोसळतो, आणि उपवासाच्या दिवशी तर साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, रताळ्याचा कीस असा निव्वळ पिष्टाचा सोहळा होतो. सहा दिवसांचे पथ्य एका दिवसात फेडले जाते. ज्याच्या आहाराचा पाया भाजी आहे त्याला वारांनी काही फरक पडत नाही. भाजी तीच राहते, फक्त प्रथिनांच्या जागेवर चिकनऐवजी पनीर, दही, मोड आलेली मटकी किंवा मूग, सोयाबीन येते. उपवासाला दही-काकडी, दाण्याची आमटी, राजगिऱ्याचा पाला, भोपळ्याचे भरीत, ताक यांवर दिवस निघतो. अंडे चालते की नाही हा ज्या त्या घरातला वाद आहे, त्यात इथे पडत नाही.

खर्चाचे म्हणाल तर भाजी वाढवून मांस आवरते घेतल्याने बिल सहसा घटतेच, कारण मटणाचा भाव भाजीच्या कैक पट आहे. वेळ मात्र लागतो, हे मान्य. मेथी-शेपू निवडणे हे घरातल्या एकाच व्यक्तीवर पडत असेल आणि पथ्य दुसऱ्याचे असेल, तर ते फार दिवस टिकणार नाही. ज्याचे पथ्य त्याने निवडायला बसावे. पावसाळ्यात टाकळा, करटोली, कुर्डू, आघाडा अशा रानभाज्या बाजारात येतात, त्या आवर्जून घ्या.

काही जणांनी हे सारे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असतील तर कर्बोदके घटवल्यावर साखर धोकादायक रीतीने खाली जाऊ शकते. मात्रा आधी कमी करावी लागते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्यांबरोबर फार कडक लो-कार्ब केल्यास साखर ठीक दिसत असतानाही रक्तात कीटोन आम्ल साचण्याचा धोका असतो. मूत्रपिंड कमजोर असेल तर प्रथिने वाढवणे घातक, आणि पोटॅशियममुळे भाज्याही तोलून घ्याव्या लागतात. मुतखड्याची प्रवृत्ती असणाऱ्यांनी पालक आणि अळू यांचा अतिरेक टाळावा. युरिक आम्ल वाढलेल्यांनी कलेजी, बांगडा, कोळंबी जपून खावी. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरीन किंवा असेनोकुमारोल घेणाऱ्यांनी पालेभाजी सोडायची नाही, पण एकाएकी तिप्पटही करायची नाही, कारण तिच्यातले के जीवनसत्त्व औषधाचा परिणाम बदलते. इतरांनी तीन महिन्यांनी लिपिड प्रोफाइल आणि एचबीएवनसी तपासून घ्यावे. एलडीएल चढले असेल तर आधी मटणाची चरबी कमी करा, भाकरी परत आणण्याची घाई नको.

येत्या रविवारी चार माणसांसाठी पाऊण किलो मटण आणणार असाल, तर त्याच फेरीत दीड किलो भाजी घेऊन या: मेथीच्या दोन जुड्या, एक फ्लॉवर, अर्धा किलो दुधी, काकडी. आणि मटण चुलीवर चढवायच्या आधी ती निवडून, चिरून ठेवा.